सामानापाशी कुणीतरी

आमच्या घरातल्या सहलींची छायाचित्रे एकत्र मांडली, तर त्यांतून एक नियम सहज सिद्ध होतो: पाणी जितके मोठे, तितक्या आईच्या हातातल्या चपला जास्त. खडकवासल्याच्या चौपाटीवर तिच्या हातात आम्हा दोघी बहिणींच्या चपला आहेत. कोकणातल्या समुद्रावर त्यांत बाबांच्या सँडल्सची आणि त्यांच्या कारखान्यातल्या सहकाऱ्यांच्या मुलांच्या बुटांची भर पडलेली आहे. वाळू जिथे कोरडी असते, नेमकी तिथे आई उभी आहे. पदर वाऱ्याने उडतो आहे आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो तिला सावरता आलेला नाही. समुद्र पाहून आलेली पण समुद्रात न गेलेली आमच्या घरातली ती एकमेव व्यक्ती. हे कुणी मुद्दाम ठरवले होते, असे नाही. प्रत्येक वेळी बाबा एवढेच म्हणत, "सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं," आणि आई थांबे. दर वेळी ते कुणीतरी कोण असणार, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही.

मी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दाखल झाले, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षांत ओढ्याने नदीला मिळावे, इतक्या सहजपणे आमची अख्खी तुकडी हिंजवडीला मिळाली होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत नगर रस्त्यावर, वाघोलीच्याही पुढे, नव्याने सुरू झालेल्या एका वॉटर पार्कची पानभर जाहिरात आली. तिच्यात कृत्रिम लाटांच्या तलावाचे मोठे छायाचित्र होते. आई त्याच पानावर मटार सोलत होती. सोलता सोलता तिचा हात थांबला. शेंगा बाजूला सारून तिने ते चित्र नीट पाहिले आणि मला विचारले, "इथे चपला ठेवायला जागा असते का गं?"

"लॉकर असतात."

"म्हणजे किल्ली आपल्याकडे?"

"हो."

"बरं," एवढे म्हणून तिने शेंगा पुन्हा त्या चित्रावर ओढल्या. मी मात्र त्याच क्षणी ठरवले, की या उन्हाळ्यात आई लाटांमध्ये जाणार.

तिचे नाव पुढे करून हा बेत घरात मांडणे धोक्याचे होते. ती स्वतःच "माझं काय एवढं" म्हणून तो मोडीत काढणार, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्याला दोन दिवसांच्या कौटुंबिक सुट्टीचे रूप दिले. पहिल्या दिवशी पाळण्यांचे आणि घसरगाड्यांचे, म्हणजे रोलर कोस्टरचे, पार्क, ते बारावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या धाकट्या बहिणीसाठी. दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क, ते "सगळ्यांसाठी". बहिणीला मी कटात घेतले. वॉटर पार्कमध्ये फोन करून चौकशी केली, तेव्हा कळले की पाण्यात साडी चालत नाही. नायलॉनचाच पोशाख लागतो. मग तुळशीबागेतून गडद निळा, अंगभर, लांब बाह्यांचा एक सलवार-कुडता आणला. आईने तो दार लावून घालून पाहिला आणि कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

"यात मी आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंसारखी दिसते," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मला त्या आवडायच्या."

इथपर्यंत सगळे निर्दोष होते. सुट्टीच्या दोन दिवस आधी अकोल्याहून आत्याचा फोन आला, की ती येते आहे.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. आमचे मूळ घर अकोल्याचे. आजी लवकर गेल्यामुळे बाबांना आत्याने वाढवले, शिकवले आणि डिप्लोमा झाल्यावर पुण्याच्या कारखान्यात नोकरीला पाठवले. त्यामुळे तिचे येणे हा आमच्याकडे चर्चेचा विषय नसे. ती येत असे आणि घर सरकून तिला जागा करून देत असे. आत्या खाष्ट नव्हती, पण तिच्यासमोर आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरे. एरवी आमच्या वारज्यात भाजी आणायला पंजाबी ड्रेस घालून जाणारी आई आत्या घरात असेपर्यंत तो ड्रेस कपाटातून काढतही नसे. आत्याने कधी मनाई केली होती, असे नाही. आईने कधी विचारलेच नव्हते. एका व्यक्तीने न केलेल्या मनाईचे दुसऱ्या व्यक्तीने वर्षानुवर्षे काटेकोर पालन करावे, हे मला विज्ञानाच्या कोणत्याही शाखेच्या आधारे समजून घेता आलेले नाही.

"आपण पुढच्या महिन्यात जाऊ," आई लगेच म्हणाली.

"पुढच्या महिन्यात पाऊस. मला रजा नाही. आत्यालाही नेऊ."

"आणि तो ड्रेस?"

"तो पिशवीत राहील. पुढचं पुढे पाहू."

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघायचे ठरले होते. उन्हे चढण्याच्या आत सगळे मोठे पाळणे उरकायचे, असा माझा हिशेब होता. निघालो तेव्हा सूर्य पुरता वर आला होता, कारण आई आणि आत्या पहाटेपासून स्वयंपाकघरात होत्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, आणि "मधे तोंडात टाकायला" शंकरपाळे. प्रवास तासाभराचा होता. मी हे निदर्शनास आणले, तेव्हा आत्या म्हणाली, "बाहेर पडल्यावर भूक घड्याळ पाहून लागते का व पोरी?"

भाड्याच्या गाडीत बाबा पुढे बसले आणि खिडकी उघडी ठेवून त्यांनी त्या दोन दिवसांचे पालुपद सुरू केले. "याला ऊन म्हणतात पुण्यात," ते चालकाला म्हणाले. "अकोल्याला या वेळेला डांबर चपलेला चिकटतं."

"पुन्याले कुठलं ऊन," आत्याने मागून दुजोरा दिला. "इथं लोक उगीच टोप्या घालते."

हे बोलत असताना तिच्या कमरेच्या पिशवीत आमच्यापैकी प्रत्येकासाठी एक असे पांढरे कांदे होते. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, हा तिकडचा जुना उपाय. ऊनच नसलेल्या शहरात उन्हावरचा उपाय कशासाठी, असे मी विचारले. आत्याने एक कांदा माझ्या पर्समध्ये टाकला.

पार्कच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने पिशव्या उघडल्या आणि डब्यांच्या उतरंडीकडे शांतपणे पाहिले.

"बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"हे बाहेरचं नाही," बाबा म्हणाले. "घरचं आहे."

"काका, तुमचं घर आमच्या फाटकाच्या आत आहे का? नाही ना? मग बाहेरचंच."

"आधी सांगायला हवं होतं."

"पाटी लावलीय. याहून मोठी लावायची तर फाटक काढावं लागेल."

पाटी खरोखरच मोठी होती आणि शुद्ध मराठीत होती. डबे गाडीत ठेवावेत, तर गाडी आम्हाला सोडून संध्याकाळी येण्याच्या बोलीवर निघून गेलेली. रक्षकाने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवले. आई आणि आत्या या दोघींचे चेहरे त्या क्षणी इतके सारखे झाले, की त्या नणंद-भावजय नसून सख्ख्या बहिणी वाटाव्यात. अन्न टाकणे ही आमच्याकडे न होणारी गोष्ट आहे. तेव्हा जे झाले ते अटळ होते. फाटकाबाहेरच्या एका खुरट्या गुलमोहराच्या विरळ सावलीत सतरंजी पसरली गेली आणि पाच जणांच्या दिवसभराच्या खाण्याचा आम्ही नाश्त्याच्या वेळी फडशा पाडला. आमच्या पुढ्यातून इतर कुटुंबे हलक्या हातांनी आणि हलक्या पोटांनी आत जात होती. मी "बास" म्हटले की आई माझ्या ताटलीत आणखी एक पुरी ठेवी, कारण ती उरली तर तिचे काय करायचे, हा प्रश्न होता.

त्यानंतर पुन्हा तपासणी. आता कांदे सापडले.

"हे काय?"

"ते खायचे नाहीत," आत्या म्हणाली. "जवळ ठेवायचे हायेत."

"आजी, कांदा हा खाद्यपदार्थ आहे."

"औषध आहे ते," बाबा ठामपणे म्हणाले.

"मग डॉक्टरची चिठ्ठी दाखवा."

मागची रांग हसू लागली. विज्ञान शिकलेली म्हणून बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. अखेर कांदे फाटकावर जमा झाले आणि संध्याकाळी परत घेताना आत्याने ते मोजून घेतले.

त्या दिवसाविषयी याहून फार सांगण्यासारखे नाही. भरल्या पोटी उलटे-सुलटे होणाऱ्या पाळण्यांत बसता येत नाही, एवढे शरीरशास्त्र सर्वांना कळत होते. बहीण एकटीच बसली. बाबा तिच्यासोबत एका घसरगाडीत गेले आणि उतरल्यावर म्हणाले, की गरगरत नाहीये, फक्त जरा पित्त झाले आहे. मी आईला मोठ्या आकाशपाळण्याच्या रांगेत उभे केले. ऊन डोक्यावर, पत्र्याच्या कठड्याला हात लावायची सोय नाही, रांग मुंगीच्या पावलाने पुढे सरकते आहे. आमचा क्रमांक जवळ आला, तेव्हा मागे बाकावर बसलेल्या आत्याने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. एवढेच. तिने हाकही मारली नाही. आईने वळून पाहिले, "ताईंना बरं वाटत नाहीये का?" म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडून पिशव्यांपाशी जाऊन बसली. मी एकटी वर गेले. पाळणा शिखरावर थांबला, तेव्हा खाली ती दिसत होती: मांडीवर एक पिशवी, पायांपाशी दोन, आणि बहिणीच्या सँडल्स.

कार्यालयात आम्हाला शिकवले जाई, की कोणतीही यंत्रणा एकाच घटकावर अवलंबून ठेवू नये. तो घटक बंद पडला की सगळेच कोसळते. आमची यंत्रणा त्याच्या उलट होती. ती एकाच घटकावर अवलंबून होती आणि तो घटक कधीही बंद पडत नसे. म्हणून तर तिच्यात सुधारणा करण्याचे कुणाला सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारज्याहून निघून शहर ओलांडून नगर रस्त्याला लागेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. डबे या वेळी नव्हते. तेवढा धडा घेतला गेला होता. सगळ्यांनी घरीच आठ वाजता भात-वरणासह पूर्ण जेवण केले होते. मात्र पाच जणांचे टॉवेल, कोरडे कपडे, आत्याचा फिरकीचा पितळी तांब्या आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो निळा ड्रेस मिळून एक रेक्झिनची पिशवी इतकी फुगली होती, की ती स्वतंत्र प्रवासी म्हणून जागा अडवत होती.

मग वॉटर पार्कचे लॉकर पाहिले. ते शाळेच्या डब्यापेक्षा थोडेसेच मोठे होते. पाकीट, घड्याळ, मोबाइल यांसाठी ते केलेले होते; आमची पिशवी, तांब्या आणि पाच जोड चपला यांसाठी नव्हे. आईने लॉकरकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि ती खांद्याला अडकवली. बाबा म्हणालेच, "सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं."

कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या मागे हिरव्या जाळीचे छप्पर होते आणि त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. सावली तेवढी एकच. तिथून लाटांचा तलाव दिसत नव्हता. मधे खोल्यांची भिंत होती. फक्त आवाज येई. तासाभराने एकदा भोंगा वाजे, मग पाण्याची धडधड आणि शेकडो माणसांची एकदम उठणारी आरोळी. बाबा आणि बहीण पाण्यात निघून गेले. बाबांनी अंगाला काही लावायला साफ नकार दिला. "या उन्हासाठी मलम?" ते म्हणाले.

मी आईला पाण्याच्या टाकीपाशी गाठले. "चल, मी बसते सामानापाशी."

"तू बसलीस तर ताई विचारतील, मी कुठे गेले."

"मग सांगू."

"काय सांगशील? त्यांची भावजय ओल्या ड्रेसमध्ये शंभर माणसांत नाचतेय म्हणून?"

"आई, तो ड्रेस तुझ्या साडीपेक्षा जास्त अंग झाकतो. हे मोजून सिद्ध करता येईल."

"मोजायला त्या बसणार आहेत का?" आई म्हणाली. मग ती थोडी नरमली. "त्या दुपारी पडतात ना जरा. तेव्हा बघू."

अशा रीतीने सोडवायचा प्रश्न एकच उरला: आत्याला झोप कधी लागेल? माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या झोपेची मी इतकी वाट पाहिलेली नाही. आत्या टक्क जागी होती. तिला सगळ्यात रस होता. समोरून जाणाऱ्या माणसांच्या कपड्यांवर, पोटांवर आणि पोरांवर तिचे भाष्य चालू होते.

"काहून व," तिने मला विचारले, "हे इतकं पानी निरं खेळायलेच?"

"तेच तेच पाणी फिरवून वापरतात आत्या. गाळून."

"आमच्या इकडं नळ आला की बाया रांगेत भांडते. इथं पाहा, पान्यात बसून थंडा पिऊन राह्यले लोक." थोडे थांबून ती म्हणाली, "मज्जा हाय बाप्पा."

पहिला भोंगा झाला, दुसरा झाला. प्रत्येक वेळी आरोळी उठली की आई क्षणभर मान वर करी आणि पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालू लागे. त्या आधीच घातलेल्या होत्या. जाळीतून ऊन गाळून येत होते, खुर्च्यांना कपडे चिकटत होते, हवा जागची हलत नव्हती. ओले कपडे घालून बसले असते तरी बाष्पीभवनाने गारवा मिळाला असता, असे मी म्हणाले. त्यावर आत्याने मला तांब्यातले पाणी प्यायला दिले. मी चिडून आईकडे पाही आणि आई मला डोळ्यांनी थांबवी. तिसरा भोंगा वाजला तेव्हा बाबा पाणी प्यायला येऊन गेले. त्यांची पाठ टोमॅटोच्या रंगाची झाली होती. मी तसे म्हटले, तर ते म्हणाले, पाण्यात काहीतरी औषध टाकत असतील.

तिसरी लाट ओसरल्यावर आत्याचे बोलणे विरळ होऊ लागले. मग तिने पदर तोंडावर ओढला, मान खुर्चीच्या पाठीवर टेकली आणि तिचा श्वास संथ झाला. काही वेळाने ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, की आता दिवसातल्या शेवटच्या लाटा. माझी बहीण भिंतीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली आणि तिने नुसती मान हलवली. आईने आत्याकडे एकदा नीट पाहिले. पिशवीच्या तळाशी हात घालून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. कागद वाजू नये म्हणून तिने तो उलगडला नाही, तसाच पोटाशी धरला, आणि स्वतःच्या चपला काढून माझ्यासमोर ठेवून ती अनवाणी चालती झाली. तापलेल्या फरशीवर तिचे पाय भराभर पडत होते.

मी सामानापाशी बसले.

त्या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते, ते आता आले. फेब्रुवारीपासून मी जे घडवून आणू पाहत होते, ते भिंतीच्या पलीकडे घडणार होते आणि मला दिसणार नव्हते. लाटा कशा तयार होतात, हे मला माहीत होते. तलावाच्या खोल टोकाच्या भिंतीमागे हवेच्या कोठड्या असतात. त्यांत हवा दाबली-सोडली की पाणी ढकलले जाते. पाणी पुढे जातच नाही, पुढे जाते ती फक्त हालचाल. हे सगळे मी आईला समजावून सांगू शकले असते. तिच्या चेहऱ्याचे काय होईल, हे मात्र मला कोणी समजावून सांगू शकत नव्हते. भोंगा वाजला. धडधड सुरू झाली. आरोळी उठली. त्या शेकडो आवाजांत तिचा आवाज ओळखण्याचा मी प्रयत्न केला. पण ओरडताना ती कशी ऐकू येते, हेच मला ठाऊक नव्हते.

"तुही माय कुठं गेली?"

आत्याने पदर बाजूला केला होता.

खोटे सांगण्याच्या तयारीत मी होते. प्रसाधनगृहात, असे वाक्य तोंडापर्यंत आलेही. पण दोन दिवसांचे ऊन, कांदे, पुऱ्या आणि ही दीर्घ निरर्थक वाट यांनी मला इतका वीट आणला होता, की मी सरळ सांगितले. "लाटांमध्ये गेलीय."

"साडी नेसून?"

"नाही. ड्रेस घालून. मी आणलाय. फेब्रुवारीपासून कपाटात आहे. तू झोपायची वाट पाहत ती दिवसभर इथे बसली होती."

पलीकडे पाणी धडधडत होते. आत्याने तांब्याची फिरकी उघडली, पुन्हा बंद केली.

"मले ईचारलं असतं," शेवटी ती म्हणाली, "तर मी काय नाही म्हटलं असतं का?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती खरोखर विचार करत होती.

"म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हटलंच असतं."

लाटा थांबल्या. आरोळी विरत गेली आणि ओल्या पावलांचे फटफट आवाज भिंतीपलीकडून जवळ येऊ लागले. आत्याने माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत करड्या आवाजात म्हणाली, "मी उठली नाही. समजलं?" तिने पदर तोंडावर ओढला आणि मान मागे टाकली. श्वाससुद्धा तिने पुन्हा संथ केला. तेवढी एक गोष्ट तिने जरा जास्तच केली.

आई बहिणीच्या मागून आली. निळा ड्रेस अंगाला चिकटलेला, अंबाडा सुटून केस पाठीवर, कपाळावरचे कुंकू वाहून गेलेले. नाकाच्या टोकावरून पाणी ठिबकत होते आणि ते पुसण्याचे तिला भान नव्हते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "उठल्या नाहीत ना?"

"नाही."

तिने लगेच कपडे बदलायला जायला हवे होते. ती गेली नाही. आत्याच्या खुर्चीसमोर, दोन हातांवर, ओल्याने निथळत ती तशीच उभी राहिली. तिच्या पायांभोवती पाण्याचे थारोळे वाढत गेले आणि आत्याच्या चपलेपर्यंत पोहोचले. पदराआडून आत्याचा पाय किंचित मागे सरकला.

"कसं वाटलं?" मी कुजबुजले.

आईने विचार केला. "पाय सुटतात," ती म्हणाली. "आपण धरून ठेवायचं म्हटलं तरी सुटतात." मग तिची नजर खाली गेली. "पिशवी का उघडी ठेवलीस? ओली होईल ना." आणि टॉवेल घेऊन ती गेली.

एवढे. सगळा उन्हाळा, दोन पार्क, दोन दिवस, आणि मला एवढे एक वाक्य मिळाले. त्याच्या जोडीला पिशवीबद्दलची बोलणी.

परतीच्या गाडीत पिशवी माझ्या मांडीवर होती. आई आता साडीत होती, कुंकू नव्याने लावलेले, पदर दोन्ही खांद्यांवरून. फक्त अंबाडा ओला होता आणि त्यातून एक थेंब मानेवरून ओघळत होता. नगर रस्त्यावर वाहने खोळंबली होती. मावळतीचे ऊन समोरच्या काचेतून थेट आत येत होते. बाबा पुढच्या आसनाला पाठ न टेकवता, सैनिक प्रशालेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

"केस पूस नीट," आत्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "ओल्या डोक्यानं वारा लागते."

आईचा हात अंबाड्याकडे गेला आणि मधेच थांबला. बहिणीने माझ्या पायावर पाय दिला. आईने हळूहळू मान वळवून आत्याकडे पाहिले. आत्या एका उसाच्या गुऱ्हाळाची पाटी अत्यंत लक्षपूर्वक वाचत होती.

"हो, ताई," आई म्हणाली.

बाबांनी पुढून विचारले, "केस कशानं ओले झाले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "घामानं. एवढ्या उन्हात बसली दिवसभर सामानापाशी. ऊन काय कमी होतं का आज?"

बाबा चमकले. त्यांनी मागे वळण्याचा प्रयत्न केला, पाठीने नकार दिला, तेव्हा ते समोर पाहूनच म्हणाले, "ताई, तू म्हणतेस हे? पुण्याला कुठलं ऊन?"

"हाय," आत्या म्हणाली. "पुन्याले बी ऊन हाय."